उधाणाची रेघ

ब्रिओनी : दिलगीर! पुन्हा एकदा म्हण बघू. दिलगीर आहे म्हणे! हे धर, नाकाशी धर आणि मग म्हण.

फ्राने : मला वास येतो आहे, ब्रिओनी. शेडमध्ये शिरल्यापासून येतो आहे.

ब्रिओनी : येऊ दे की. माझी दोन वर्षं सडलीत, त्यांचा वास आहे तो. तू परवा विमानात बसशील, सुटशील. माझ्या केसांतून हा आठवडाभर जायचा नाही.

फ्राने : उद्या.

ब्रिओनी : काय उद्या?

फ्राने : विमान उद्या आहे. परवा नाही.

ब्रिओनी : वा! बाबा, ऐकलंस? साहेब उद्याच निघाले. सहामाही संपली, सुट्टी संपली, नमस्कार.

मर्व : ऐकलं. तोंडाबरोबर हातही चालू दे. उघडी पडलेली त्या बादलीत. मिटलेली इकडं, माझ्याकडं.

(नदी समुद्राला मिळते तिथली कालवांची जुनी शेड. नोव्हेंबर म्हणजे इथला उन्हाळा; तापलेली दुपार, बाहेर ओहोटी. लांब टेबलावर जाळीच्या टोपल्या उपड्या केल्या आहेत आणि मर्व, त्याची मुलगी ब्रिओनी आणि एका सहामाहीपुरता परदेशातून शिकायला आलेला फ्राने अशी तिघं कालवं निवडताहेत.)

फ्राने : मिटलेली म्हणजे जिवंत ना?

मर्व : मिटलेली म्हणजे मिटलेली. दोन घ्यायची, एकमेकांवर वाजवायची. भरीव वाजलं तर आत पाणी आहे, जीव आहे. पोकळ वाजलं तर रिकामं घर.

फ्राने : हे खरं आहे?

मर्व : म्हणजे?

फ्राने : काही नाही. वाजवतो.

ब्रिओनी : एक काम सांगितलं होतं तुला. एक! विद्यापीठाच्या टाक्या धुवायच्या होत्या, म्हणून कालवं आठवडाभर बाहेर काढायची होती. टोपल्या गाडीत घाल, बाबाच्या धक्क्याशी ने, पाण्यात ठेव. एवढंच. गाढवाला सांगितलं असतं तर त्यानंही केलं असतं.

फ्राने : मी पाण्यात ठेवल्या.

ब्रिओनी : गवतात ठेवल्यास! मी काल होबार्टच्या परिषदेहून आले ती बॅगसुद्धा घरी न टाकता इकडे आले. धक्क्याशी टोपल्या नाहीत. शोधते, शोधते, आणि बघते तर कुठे? पार वर! जिथं वाळकं शेवाळ आणि बाटल्यांची झाकणं येऊन पडतात तिथं. उन्हात भाजत पडलेल्या. मी तिकडे स्टेजवर उभी राहून ह्याच कालवांबद्दल बोलत होते, कळतंय का तुला? ‘अख्खी खाडी रोगानं मेली, पण ही वाचली. ह्यांच्या पोटची पुढची पिढी रोगाला भीक घालणार नाही.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि इथं ती कवचात शिजत होती.

फ्राने : मी ठेवल्या तेव्हा तिथं पाणी होतं. माझ्या गुडघ्याला लागत होतं. आईशप्पथ.

ब्रिओनी : असणारच! त्या दिवशी पौर्णिमा होती, उधाण होतं! उधाणाला पाणी पार गवताला टेकतं. मग रोज थोडं कमी चढतं, अजून कमी, अजून कमी. पुढचं उधाण येईतो त्या रेघेकडे फिरकतसुद्धा नाही. हे इथल्या पाचवीतल्या पोराला माहीत असतं.

फ्राने : इथल्या.

ब्रिओनी : तू बेटावरचा ना रे? जुलैपासून ऐकतेय, आजोबा कोळी, पणजोबा कोळी, मी चालायच्या आधी पोहायला शिकलो!

फ्राने : शिकलो. पण आमच्या समुद्रात. आमचा समुद्र सकाळी जिथं असतो तिथंच संध्याकाळी असतो. वीतभर वर, वीतभर खाली. आजोबा होडी दाराशी बांधतात, ती वर्षभर दाराशीच असते. इथं आल्यावर पाहिलं की पाणी जातं आणि परत येतं. ठीक. मला वाटलं, परत येतं म्हणजे तिथंच येतं. माणूस कामावर जातो आणि रात्री स्वतःच्याच घरी येतो, तसं. ते रोज वेगळ्या पायरीवर येऊन थांबेल हे माझ्या डोक्यात कसं यावं?

ब्रिओनी : डोक्यात येत नसेल तर विचारायचं!

फ्राने : विचारलं!

ब्रिओनी : कधी?

फ्राने : फोटो पाठवला तुला. ‘टोपल्या पाण्यात ठेवल्या आहेत, काठाला. ठीक आहे का?’ तू काय लिहिलंस? सांग. तुझ्या बाबांसमोर सांग.

ब्रिओनी : त्या फोटोत नुसतं पाणी दिसत होतं.

फ्राने : काय लिहिलंस?

ब्रिओनी : ‘नो वरीज.’

फ्राने : ‘नो वरीज’. आणि पुढं बिअरचा ग्लास. छत गळतं, नो वरीज. प्राध्यापकांनी मला भलत्याच वर्गात घातलं, नो वरीज. पाण्यात शार्क दिसला, बाहेर या, नो वरीज! पाच महिने झाले, ब्रिओनी. तुमच्या देशात नेमकी चिंता कशाची करायची, हे मला एकानंही सांगितलं नाही.

ब्रिओनी : म्हणजे चूक माझी? चोराच्या उलट्या बोंबा! मी तिथं माणसांच्या गराड्यात होते, सगळे हात मिळवायला येत होते. तुझा फोटो बघून मी काय ओळखणार, कुठली रेघ आहे ती? आणि तुला काय रे फरक पडतो? तुझ्या विद्यापीठाला इथून फक्त ‘पास’ कळवतात. गुण गेले खड्ड्यात. तुम्ही लोक येता, फळी घेऊन लाटांवर पडायला शिकता, कांगारूंबरोबर फोटो काढता, आणि चाललात. दर सहा महिन्यांनी नवी खेप. चादरी धुवायला आम्ही आहोतच.

फ्राने : तुझ्या टाक्या दर रविवारी कोण घासत होतं?

ब्रिओनी : मी बोलावलं नव्हतं.

फ्राने : नव्हतं. त्याचे गुणही नव्हते. पासही नव्हता. तरी येत होतो. कारण तू एकदा म्हणालीस की ही कालवं गेली तर तुझ्या बाबांचं सगळं गेलं. मला वाटलं, हे काम महत्त्वाचं आहे. लाटांवर दुसरे पडत होते, मी नाही. मला तर अजून त्या फळीवर उभंही राहता येत नाही.

मर्व : पुरे झालं. निवडा.

फ्राने : नाही, मर्व, पुरे नाही. तुम्ही गप्प का आहात? मी तुम्हालाही विचारलं होतं.

ब्रिओनी : कुणाला?

फ्राने : ह्यांना. मी टोपल्या ठेवत होतो तेव्हा हे इथंच होते.

ब्रिओनी : बाबा?

मर्व : होतो.

ब्रिओनी : तू इथं होतास. टोपल्या बघितल्यास?

मर्व : बघितल्या. ह्याला सांगितलंही.

ब्रिओनी : काय सांगितलंस?

फ्राने : मी सांगतो, मला शब्द न् शब्द आठवतो. म्हणाले, ‘पोरा, आज चंद्र गरगरीत आहे म्हणून समुद्र एवढा वर आलाय. उद्यापासून चंद्र वाळायला लागेल, की समुद्रही आळशी होईल. इथवर चढायचा नाही.’ चेहऱ्यावरची रेष हलली नाही ह्यांच्या. मी हसलो.

ब्रिओनी : हसलास?

फ्राने : हो, हसलो! का हसू नये? ह्याच माणसानं ह्याच चेहऱ्यानं मला जुलैत सांगितलं की इथं झाडांवरून अस्वलं अंगावर पडतात. परदेशी माणूस त्यांना वासानं कळतो. कानामागं व्हेजिमाइट फासलं तरच वाचतो. मी फासलं! पावाला लावायचं ते काळं खारट डांबर कानामागं फासून मी पहिल्या दिवशी वर्गात बसलो. तू फोटो काढलास. तो अजून आपल्या भाड्याच्या घरातल्या फ्रिजवर लावलेला आहे. मग म्हणालात, धक्क्यावरच्या पेलिकनला ‘सुप्रभात’ म्हणावंच लागतं, नाहीतर नगरपालिका दंड करते. मी महिनाभर म्हणत होतो! त्या पक्ष्याला! वाकून! आणि आता हे म्हणतात, चंद्र वाळला की समुद्र आळशी होतो. तूच सांग, ह्यातलं कुठलं जास्त खोटं वाटतं?

ब्रिओनी : ती गंमत होती. नवा आला की सगळ्यांची करतात. आपला वाटतो म्हणून करतात.

फ्राने : मग आपल्याला खरं कधी सांगतात? रोज लांडगा आला, लांडगा आला म्हणून तुम्ही हसणार, आणि खरा आला की मी का धावलो नाही म्हणून माझ्यावरच ओरडणार. मी मूर्ख आहे, मान्य. पण मला मूर्ख करायला तुम्ही सगळे पाच महिने खपलात.

ब्रिओनी : बरं. तो हसला. मग तू काय केलंस, बाबा?

मर्व : काय करणार? गाडीत बसलो.

ब्रिओनी : गाडीत बसलास.

मर्व : वाटलं, कळलं असेल त्याला.

ब्रिओनी : खोटं. माझ्या तोंडावर खोटं बोलू नकोस. हसणारा माणूस आणि कळलेला माणूस तुला ओळखता येत नाही? टोपल्या धरून चार हात खाली ओढायच्या होत्या. झालं असतं काम!

मर्व : मी तुला सांगितलं होतं, त्या कालवांना मी हात लावणार नाही.

ब्रिओनी : आणि इथं कशाला आला होतास मग? दोन वर्षं झाली, तू हा रस्ता सोडलास. शाळेची बससुद्धा वरच्या रस्त्यानं नेतोस, पोरं उशिरा पोचतात म्हणून आया ओरडतात तरी. खाडी बघायला नको म्हणून. त्या दिवशी काय होतं?

मर्व : काम होतं.

ब्रिओनी : कसलं काम?

मर्व : खुंट उपटत होतो.

ब्रिओनी : कुठले खुंट?

मर्व : आपल्या पट्ट्यातले. सरकारकडून घेतलेला खाडीचा पट्टा परत करतोय मी, ब्री. खाडी मोकळी करून द्यावी लागते. ज्यांच्यावर टोपल्या टांगायच्या ते खुंटसुद्धा काढून.

ब्रिओनी : मला न सांगता?

मर्व : होबार्टहून आलीस की सांगणार होतो.

ब्रिओनी : मला न सांगता. आजोबांनी ठोकलेले खुंट. मी तिकडे जगाला ओरडून सांगतेय की माझ्या बाबाची खाडी पुन्हा उभी राहणार, आणि इकडे बाबा खुंट उपटतोय. म्हणजे तुला ती मेलेलीच हवी होती. बरोबर? हा बिचारा गाढव आयताच सापडला. तुला काही करावंही लागलं नाही. नुसतं गाडीत बसायचं होतं.

फ्राने : ब्रिओनी, असं नको बोलूस.

ब्रिओनी : तू मध्ये पडू नकोस!

मर्व : बोलू दे तिला. खरंच बोलतेय. ऐकायचंय तुला, ब्री? मग ऐक. त्या वर्षी रोज सकाळी मी पाण्यात उतरायचो, टोपली उचलायचो, हलवायचो, आणि आतून पोकळ वाजायचं. दुसरी उचलायचो. पोकळ. तुला त्याच्यावर प्रबंध सुचला, चांगलं झालं, तू हुशार आहेस. मला ते झोपेत ऐकू येतं. मग तू उरलीसुरली वेचून नेलीस आणि दर रविवारी जेवायला येऊन सांगायला लागलीस, बाबा, अजून जगताहेत, बाबा, वाढताहेत. मी ताट तसंच टाकून उठायचो. आशा फार वाईट गं. आशा असली की माणूस परत पाण्यात उतरतो. मला नव्हतं उतरायचं. त्या दिवशी ह्याला सांगितलं. हा हसला. मनात म्हटलं, हसतोय तर हसू दे, सुटू एकदाचे. आणि चावी फिरवली. आता काय म्हणायचं ते म्हण.

ब्रिओनी : काय म्हणू? तुला काय म्हणू मी? मला सिडनीत नोकरी मिळत होती. तुला माहीत नाही, कारण मी सांगितलं नाही. नाही म्हणाले मी त्यांना. कुणासाठी? मला काय कालवं आवडतात? मी तोंडाला लावत नाही ती! पण तू पाण्यात असलास की शीळ घालायचास. मी लहानपणी त्या शिळेनं उठायचे. दोन वर्षं झाली, घरात ती शीळ नाही. टीव्ही चालू असतो नुसता, कुणी बघत नाही तरी. मला ती शीळ परत हवी होती, बाबा. ह्या सगळ्या टाक्या, सगळी भाषणं, त्याच्यासाठी. झालं? कळलं? बस आता वरच्या रस्त्यानं बस फिरवत! मसणात गेली कालवं. ही घे. हीपण घे. सगळी एकदमच जाऊ देत बादलीत.

फ्राने : थांब.

ब्रिओनी : सोड माझा हात.

फ्राने : तू वाजवून बघत नाहीस. मिटलेली टाकते आहेस.

ब्रिओनी : मेलीत ती!

फ्राने : हे नाही. मर्व, तुम्ही ऐका. हे एक. आणि आता हे.

मर्व : पुन्हा वाजव.

फ्राने : हे.

मर्व : इकडं आण. हं.

ब्रिओनी : काय हं?

मर्व : गप्प. कुठून काढलंस हे?

फ्राने : टोपलीच्या तळातून. वरची सगळी उघडी आहेत, पण खाली शेवाळ चिकटून होतं. ते अजून ओलसर आहे.

मर्व : वरच्यांनी सावली धरली. बादली उपडी कर, ब्री. सगळी पुन्हा बघायची. रागानं टाकलेलीसुद्धा.

ब्रिओनी : काही उपयोग नाही. गट मिसळले, खुणा गेल्या, प्रयोग मेला. ह्याच्यावर मला कुणी पदवी देणार नाही.

मर्व : पदवीचं तुझं तू बघ. मी कालवांचं बोलतोय. रोगातून वाचली, आता ह्या भट्टीतून वाचली. अशी जात मी जन्मात बघितली नाही. उपडी कर म्हणतो ना!

फ्राने : हे भरीव. हेही. हे नाही. हे... हे भरीव.

ब्रिओनी : दाखव. हो. भरीव आहे.

फ्राने : पण अशी मूठभर उरली तर पुढची पिढी कशी होणार? सगळे नर निघाले तर?

मर्व : निघू देत. कालवं जन्मतात बहुतेक नरच. पुढं मोठी झाली की त्यातली बरीच माद्या होतात.

फ्राने : मर्व, आज नको. कृपा करा.

ब्रिओनी : हे खरं आहे.

फ्राने : ब्रिओनी!

ब्रिओनी : खरं आहे, फ्राने. पुस्तकात आहे. माझ्या भाषणातही होतं.

फ्राने : तुमचा देश सहन होत नाही मला. खरं सांगितलं तरी खोटं वाटतं.

मर्व : ही टोपली घ्या. हिच्यात मावतील. पाण्यात गेली पाहिजेत, आणि आजच.

ब्रिओनी : कशाला टांगणार? खुंट उपटलेस ना तू?

मर्व : शेवटची ओळ राहिलीय. तिथवर आलो आणि पाठ धरली.

ब्रिओनी : पाठ?

मर्व : पाठच म्हण. ओहोटी आहे, आत्ता चालत जाता येईल. चल रे, धर एका बाजूनं. चिखलात पाय सपाट टाक. हं, पोचलो. हे बघ, ह्या खुंटावर गंजका खिळा दिसतो? टोपली त्याच्याखाली राहिली पाहिजे. वर नाही.

फ्राने : का?

मर्व : भांगाची लहान भरती असो की उधाणाची मोठी, पाणी रोज ह्या खिळ्याच्या वर चढतंच. माझ्या बापानं ठोकलाय तो. चंद्र कसा का असेना, खिळ्याला पाणी लागतं.

फ्राने : रोज?

मर्व : रोज.

फ्राने : तुम्ही हसत नाही आहात.

मर्व : मी कधी हसतो? बांध ती दोरी. अशी नाही, अशी. आता चला किनाऱ्यावर, पाणी फिरलं बघ.

ब्रिओनी : तू जा आता, फ्राने. तुझ्या निरोपाच्या जेवणाचे सॉसेज शेगडीवर जळत असतील तिकडे. सगळे घरी येऊन बसलेत. सारखा फोन वाजतोय तुझा.

फ्राने : वाजू दे.

ब्रिओनी : उद्या विमान आहे, बॅग भरली नाहीस.

फ्राने : मी इथं बसतो. खिळ्याला पाणी लागलेलं माझ्या डोळ्यांनी बघतो, मग जातो. मला आता कुणाचं ऐकून चालायचं नाही.

मर्व : उशीर होईल. भरायला वेळ लागतो.

फ्राने : नो वरीज.

मर्व : बरं. मी येतो जाऊन. शेडमध्ये कुऱ्हाड आणि दोरखंड आहेत, खुंट उपटायला आणलेली. ती गाडीत टाकून देतो. इथं आता त्यांचं काम नाही.

ब्रिओनी : बाबा.

मर्व : काय?

ब्रिओनी : मी तुला माफ केलेलं नाही.

मर्व : करू नकोस. उद्या सकाळी मात्र ये. टोपली हलवायला दोन माणसं लागतात, आणि हा तर चालला.

फ्राने : ब्रिओनी, मी तिकडून पत्र लिहीन. तुझ्या प्राध्यापकांना सगळं कळवीन, चूक माझी होती म्हणून. खरंच मी फार दिल...

ब्रिओनी : तो शब्द उच्चारलास ना, तर चिखलात ढकलीन.

फ्राने : बरं.

ब्रिओनी : सरक तिकडं जरा. आणि पाणी येईपर्यंत माझ्याशी बोलू नकोस.